वेळण्याचा झोका

बादली घेऊन लवू कुबल समुद्राकडे पाठ करून चालायला लागले, तेव्हा मला वाटलं, ते घरी काहीतरी विसरले असतील.

सकाळचे सव्वाआठ वाजले होते. जुलैचा दुसरा आठवडा. वेळणे बंदराच्या जुन्या धक्क्यावर मी छत्री सांभाळत उभा होतो. समोर गढूळ समुद्र धक्क्याच्या पायऱ्यांवर आदळत होता. साडेआठला त्या समुद्राचं तापमान घ्यायचं होतं आणि ते कसं घेतात हे पाहायला मी पुण्याहून दोन एसट्या बदलून, हाडं खिळखिळी करून आलो होतो.

"कुबलकाका, समुद्र इकडे आहे," मी म्हणालो.

"म्हायत आसा," ते न थांबता म्हणाले. "साठ वर्सां बघतंय तेका."

ते चालत राहिले, म्हणून मीही त्यांच्या मागे चालत राहिलो.

हे दोन हजार आठ सालचं. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि पुण्यातल्या एका संस्थेत डॉ. सोवनींच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. त्यांचा शेवटचा विद्यार्थी. ऑगस्टअखेर ते निवृत्त होणार होते. संस्थेत त्यांना पाठीमागे 'झोका सोवनी' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

झोका म्हणजे काय, हे ते कुणालाही समजावून सांगायचे, अगदी कँटीनमध्ये चहा देणाऱ्यालासुद्धा. "समुद्र हा जाड माणूस आहे बाबा," ते सांगत. "उशिरा तापतो, उशिरा निवतो आणि एकदा तापला की वर्षानुवर्षं घर डोक्यावर घेतो." तिकडे प्रशांत महासागर दर काही वर्षांनी तापतो, त्याला एल निनो म्हणतात आणि त्याने आपला पाऊस बिघडतो, हे आता वर्तमानपत्रं वाचणाऱ्यालाही माहीत आहे. सरांचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. या लहान हेलकाव्यांच्या मागे एक मोठा, संथ झोका असतो, दशकांचा. आपला अरबी समुद्रही त्याच झोक्यावर बसलेला आहे. बारा वर्षं तो पावसाळ्यात थोडा थंड राहतो, बारा वर्षं थोडा उबदार. उबदार फेरा आला की पावसाची चाल मंदावते. हे जर खरं असेल तर पावसाचा अंदाज बारा-बारा वर्षं आधी बांधता येईल.

जर खरं असेल तर. सरांनी पंचवीस वर्षं पुरावे गोळा केले आणि लोकांनी पंचवीस वर्षं ते हसण्यावारी नेले. सगळे पुरावे लंगडे होते. एकच धडधाकट होता, तो वेळण्याचा. १९४९ पासून वेळण्याच्या धक्क्यावरून रोज सकाळी साडेआठला कुणीतरी बादलीने समुद्राचं पाणी काढून त्याचं तापमान पाहत होतं आणि महिनाअखेरीला छापील कार्डावर आकडे भरून ते पुण्याला धाडत होतं. साठ वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. त्या आकड्यांत झोका असा लख्ख दिसत होता की शाळकरी मुलानेही बोट ठेवून दाखवला असता. थंड, उबदार, थंड, उबदार, थंड. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे वेळणे. बाकीची तीन प्रकरणं त्या चौथ्यापर्यंत पोहोचण्यासाठी लिहिलेली होती.

सरांचा निबंध एका मोठ्या नियतकालिकाने जवळजवळ स्वीकारला होता. परीक्षकाचा एकच प्रश्न उरला होता. बादली कशाची होती, आणि मधल्या काळात ती बदलली का? प्रश्न रास्त होता. कापडी बादलीतलं पाणी वाऱ्याने लवकर थंड होतं, लाकडीतलं कमी होतं. मग ही थंड वर्षं समुद्राची की कापडाची?

"ऑक्टोबरात जाऊन पाहून येतो," मी म्हणालो होतो. "तोवर पाऊस संपेल."

"होनप, तू जुलैतच जा," सर म्हणाले होते. "आणि सकाळी साडेआठच्या आत पोहोच."

मला वाटलं, निवृत्तीची घाई असेल.

तर कुबल चालत होते आणि मी मागे. वय साठीच्या पुढे, अंगात बनियन, कमरेला पंचा, डोक्यावर इरलं. एका हातात बादली, दुसऱ्या हातात पितळी नळकांड्यातलं थर्मामीटर. बादली मात्र पाहण्यासारखी होती. काळपट सागवान, तांब्याच्या दोन पट्ट्या, तळाला शिशाचं वजन. ४९ साली आलेली तीच, एकदाही बदललेली नाही, असं त्यांनी आल्या आल्या मला अभिमानाने सांगितलं होतं. परीक्षकाचं उत्तर मिळालं होतं. खरं म्हणजे मी तिथूनच परतीची गाडी पकडायला हवी होती.

सातेरीच्या देवळामागे एक विहीर होती. चिऱ्यांचा कठडा, त्यावर शेवाळ. कुबलांनी कठड्याशी चपला काढल्या, बादलीला दोर लावला, विहिरीला हात जोडले आणि बादली आत सोडली.

मला वाटलं, आधी बादली धुऊन घेत असतील.

त्यांनी बादली वर काढली, इरल्याच्या आडोशाला ठेवली, थर्मामीटर पाण्यात धरलं आणि मनातल्या मनात आकडे मोजायला लागले. पूर्ण तीन मिनिटं. नियमात तीन मिनिटंच लिहिली आहेत आणि ती पाळणारा माणूस मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. मग ते खाली उकिडवे बसले, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला आणि श्वास रोखून वाचन घेतलं.

"सव्वीस पॉइंट चार," ते म्हणाले आणि बनियनच्या आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढून त्यांनी तो आकडा तारखेसमोर लिहिला. अक्षर सुंदर होतं.

"काका," मी म्हणालो, "हे विहिरीचं झालं. समुद्राचं कधी घेणार?"

"नारळी पुनवेनंतर."

"म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुण्याचा आहे हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं असावं. "मिरगापासून पुनवेपर्यंत दर्यात आमच्या घराण्याचा भांडा पडत नाय. ते दिवस दर्याचे. तेका पोरां होवची असतत तेव्हा. माशांची अंडी, पिल्लां, सगळा तेच्या पोटात. तेव्हा तेच्यात होडी घालूची नाय, जाळा घालूचा नाय, भांडा घालूचा नाय. पुनवेक नारळ देवचो, मगे उघडता."

"पण ही मोजमापाची बादली आहे."

"बादली म्हंजे भांडाच मा?"

मी विहिरीत डोकावून पाहिलं.

"सरकारान काय सांगला? रोज साडेआठाक खाऱ्या पाण्यात मोजा. ही खारी बाव. आजान तेव्हाच इचार करून ठरवल्यान. दर्याचाच पानी ह्या, फक्त जमिनीखालसून येता." त्यांनी बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन माझ्यापुढे धरलं. "बगा पियान."

मी प्यालो. खारट होतं.

"पण मग कार्डावर तसं का नाही लिहिलंत? की हे आकडे विहिरीचे आहेत म्हणून?"

"कार्डार जागा खंय आसा?" कुबल म्हणाले. "तारीख नि आकडो, दोनच चौकोन. वहीत लिवतंव ना आमी." त्यांनी वही माझ्यापुढे उघडली. जूनच्या सात तारखेपासून प्रत्येक आकड्यासमोर बारीक अक्षरात 'बाव' असं लिहिलेलं होतं. मागच्या वर्षीही, त्याच्या मागच्या वर्षीही. साठ वर्षांत या माणसांनी एकदाही खोटं लिहिलं नव्हतं. आम्ही फक्त वही मागवली नव्हती.

मी कठड्यावर बसलो. चौथं प्रकरण माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण मी स्वतःला समजावलं की दर वर्षी पावसाळ्यात विहीरच असेल तर बिघडत नाही. साठही वर्षं विहिरीची असतील तर झोका निदान विहिरीचा तरी खरा. हे सांत्वन साधारण मिनिटभर टिकलं.

"पुढल्या पाडव्याक आमची पाळी संपता," कुबल बादली उपडी करत म्हणाले. "मगे गावडे."

"कसली पाळी?"

"ह्याच मानाची. चला, दाखवतंय."

त्यांनी मला देवळात नेलं. सभामंडपाच्या भिंतीवर ऑइलपेंटने मानपानाची यादी रंगवलेली होती. पालखी कुणाची, तरंग कुणाचे, ढोल कुणाचा, शिमग्याच्या होळीला पहिली कुऱ्हाड कुणाची. त्यात खालून दुसरी ओळ होती, 'दर्याचे तापमान.' सरकारने ४९ साली हे काम कुबलांना दिलं, तेव्हा गावड्यांनी हरकत घेतली होती. गावाच्या वतीने दर्याची रोज विचारपूस करायची हा मान एकाच घराला का? तीन वर्षं देवीसमोर वाद चालला आणि शेवटी कौल लागला की बारा वर्षं कुबल, बारा वर्षं गावडे. पाडव्याला बादली वाजतगाजत एका घरातून दुसऱ्या घरात जाते. सरकारला कळवण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण कार्डावर मोजणाऱ्याच्या नावाचाही चौकोन नव्हता.

"आणि गावडे पावसात पाणी कुठून काढतात?"

"दर्यातसून. धक्क्यावरसून. तेंका काय, ते शेतकरी. तेंचो नि दर्याचो काय संबंध?" कुबलांच्या आवाजात थोडी कीव होती.

मी झोळीतून आलेख काढला. सरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला, थंड वर्षं निळी, उबदार वर्षं तांबडी. तो भिंतीला लावला. भिंतीवर लिहिलं होतं, कुबल १९४९, गावडे १९६१, कुबल १९७३, गावडे १९८५, कुबल १९९७. माझा कागद त्या यादीखाली असा बसला की मोजपट्टीची गरजच नव्हती. कुबल निळे होते. गावडे तांबडे होते. मधला सव्वा अंशाचा फरक हा धक्का आणि विहीर यांच्यातला होता. अरबी समुद्राचा त्यात हात नव्हता.

"बरोबर आसा?" कुबलांनी कौतुकाने विचारलं. त्यांना वाटलं, पुण्याहून त्यांच्या यादीचा पडताळा आला आहे.

"अगदी बरोबर आहे," मी म्हणालो.

जेवल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही. भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा. ताजी मासळी अर्थातच नव्हती. कुबलांच्या पत्नी वाढत होत्या आणि पुन्हापुन्हा "खावा वो, काय खातच नाय तुमी" म्हणत होत्या. मी भात नुसता कालवत होतो. कुबल मात्र रंगात आले होते. त्यांनी मला विचारलं की इतकी वर्षं आकडे घेऊन सरकार त्यांचं करतं काय? मी त्यांना झोक्याचं सांगितलं. समुद्र कसा काही वर्षं तापतो, काही वर्षं निवतो, त्याने पाऊस कसा पुढेमागे होतो. सांगताना लाज वाटत होती, पण सांगितलं.

"तो झोको खरो," कुबल म्हणाले.

मी दचकलो.

"तारली मासळीचा बगा. येता तेव्हा इतकी येता की खत म्हणान माडांक घालतंव. मगे दोन-चार वर्सां गायब. पानी तापला की ती जाता, निवला की परत येता. बापूस वर्सां सांगायचो, कधी इली, कधी गेली. आता मात्र ती नीट येनाच नाय. बावीचा पानीय पूर्वीसारखा थंड लागत नाय. आजाच्या वेळच्या वह्यो बगा. पंचवीसार असायचा, आता सव्वीसाच्या वर."

एका माणसाला चाळीस वर्षं समुद्र कसा वागला हे तोंडपाठ होतं आणि तो मला ते फुकट सांगत होता. माझ्या मांडीवर वही उघडी होती. तिच्यात मी 'सागवान, तांब्याच्या पट्ट्या, वजन अंदाजे चार किलो' एवढंच लिहिलं होतं. तारलीचं मी काहीच लिहून घेतलं नाही.

निघताना त्यांनी मला पाणंदीपर्यंत सोबत केली. मग म्हणाले, "आमच्या बापसाच्या वेळार एक सायब इललो. तरणो, बारीक. तोय असोच बावीच्या कठड्यार बसलो नि गप झालो. तेव्हा बापूस रात्रभर निजाक नाय. तुमी पन गप झालात." ते थांबले. "सायबानू, आमचा काय चुकला काय?"

त्यांच्या डोळ्यांत खरी भीती होती. साठ वर्षांत तीन पाळ्या, तीन पिढ्या, ताप असो की घरात मयत असो, साडेआठ चुकवले नाहीत. त्यांना नेमकं काय सांगायचं? तुम्ही सगळं बरोबर केलंत, फक्त चुकीच्या पाण्यात?

"नाही काका," मी म्हणालो. "तुमचं काहीच चुकलं नाही."

निदान हे वाक्य तरी मी त्या दिवशी खरं बोललो.

बाजारातल्या एसटीडीच्या खोक्यातून मी सरांना फोन लावला. बाहेर पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता. खोक्यात शिरण्यापूर्वी मी चहाच्या टपरीवर तासभर बसून हिशेब केला होता. खरं सांगितलं तर सरांचा निबंध बुडतो. निवृत्तीला दीड महिना असताना पंचवीस वर्षांचं काम गावच्या मानपानात निघतं आणि संस्थेत झोका सोवनींचा पाळणा होतो. माझी शिष्यवृत्ती सप्टेंबरात संपणार होती. चौथं प्रकरण गेलं की प्रबंध गेला, म्हणजे चार वर्षं गेली. पण खरं सांगतो, टपरीवर मी स्वतःला फक्त सरांचंच कारण दिलं. म्हाताऱ्या माणसाचा जीव तुटेल, आपण कोण तोडणार? दुसऱ्याच्या दुःखाची ढाल किती हलकी असते, हे मला तिथे कळलं.

"काय मग?" सरांचा आवाज आला. "कशाची बादली?"

"सागवानी, सर. तांब्याच्या पट्ट्या. एकोणपन्नासपासून एकच."

"तू स्वतः पाहिलीस?"

"हो सर."

"पाणी काढताना पाहिलंस?"

"हो."

मला वाटलं, लाइन गेली.

"अजून काही सांगायचंय?"

"नाही सर."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ते म्हणाले. "सांभाळून ये. घाटात दरडी पडतायत."

परीक्षकाने विचारलं होतं, बादली कशाची. आम्ही कळवलं, सागवानी. ती कुठे बुडवली हे त्याने विचारलं नव्हतं.

निबंध डिसेंबरात छापून आला. शेवटच्या परिच्छेदात भाकीत होतं की पुढच्या वर्षी, २००९ च्या पावसाळ्यात, वेळण्याचा समुद्र उबदार फेऱ्यात शिरेल, तापमान सव्वा अंशाने चढेल आणि देशातला पाऊस अशक्त राहील. मला ठाऊक होतं की पाडव्याला बादली गावड्यांकडे जाणार आहे. जुलैत तापमान चढलं. सव्वा अंशानेच चढलं, दशांशापर्यंत बरोबर. का चढणार नाही?

आणि पाऊसही गेला. त्या वर्षी प्रशांत महासागर आपल्या स्वतःच्या कारणांनी तापला, एल निनो झाला आणि देशभर असा दुष्काळ पडला की कैक वर्षांत पडला नव्हता. लोकांची पिकं करपली. पाच-सहा महिने आधी कुणीतरी हे लेखी सांगून ठेवलं होतं, हे एका वर्तमानपत्राने शोधून काढलं. मग सगळ्यांनीच काढलं. सरांचा फोटो छापून आला. ज्यांनी पंचवीस वर्षं थट्टा केली होती त्यांनी आपापल्या जुन्या आकड्यांत चोवीस वर्षांचा फेरा शोधायला घेतला आणि तीन वेगवेगळ्या देशांत तो सापडलाही. शोधलं की सापडतं. उपग्रहाला मात्र तो दिसत नव्हता. किनाऱ्यालगत उपग्रहाची नजर कच्ची असते, असं आम्ही पुढच्या निबंधात लिहिलं. मला डॉक्टरेट मिळाली आणि तिच्या मागोमाग नोकरी.

दोन हजार दहाच्या जूनमध्ये सरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र मीच लिहिलं होतं आणि मीच वाचलं. 'महासागराची नाडी ओळखणारा धन्वंतरी' असं काहीसं होतं त्यात. टाळ्या झाल्या. लोक चहाकडे वळले तेव्हा सर आणि मी व्यासपीठावर दोघेच उरलो. सरांच्या मांडीवर नारळ होता. तो ते हाताने गोल गोल फिरवत होते.

"छान वाचलंस," ते म्हणाले.

"सर, तुमचंच काम आहे."

"होनप," त्यांनी नारळावरची नजर काढली नाही, "त्या बावीचं पाणी अजून खारटच आहे का रे?"

मी त्यांच्यापुढे विहिरीचा उच्चार कधीही केला नव्हता.

मी म्हणालो, "हो सर."

"पंचाहत्तर साली मला तिथे उपकरणं तपासायला पाठवलं होतं. मी पाहिलं. वाटलं, या एका माणसाचं खूळ असेल, एखाद्या वर्षाचं. नवा होतो, वर कळवलं नाही. पुढे आकड्यांत झोका दिसायला लागला तेव्हा मनात आलं, पुन्हा जाऊन विचारावं. पण तोवर झोका आवडायला लागला होता." ते थोडं हसले. "मग मी विचारायचं टाळत राहिलो, वीस वर्षं. परीक्षकाचा प्रश्न आला, तेव्हा वाटलं, होनप तरुण आहे. हा पाहील आणि येऊन सांगेल. एकदा कुणी सांगितलं असतं तर मला कबूल करता आलं असतं. स्वतःहून नाही जमलं."

"मला वाटलं, तुम्हाला फार लागेल," मी म्हणालो.

"लागलं असतं," सर म्हणाले. "त्यासाठीच तुला जुलैत पाठवलं होतं."

तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी हाक मारली. त्या फोटोत आम्ही दोघंही हसतो आहोत. तो अजून माझ्या केबिनमध्ये आहे.

त्या रविवारी मी घरी दार लावून फक्त गावड्यांच्या वर्षांचा आलेख काढला. झोका नाहीसा झाला. त्याच्या जागी एक रेघ उरली, एकोणीसशे एकसष्टपासून हळूहळू, न थांबता वर चढणारी. मग विहिरीची वर्षं वेगळी काढली. तीही चढत होती, लवू कुबलांनी जेवताना सांगितली होती तशीच. समुद्र झोक्यावर बसलेला नव्हता. तो नुसता तापत होता आणि पन्नास वर्षं ते आमच्याच कार्डांवर लिहिलेलं होतं. सगळ्या देशाला सांगायला हवी होती अशी ही एक गोष्ट, आणि ती आम्ही निळ्या-तांबड्या रंगांखाली झाकली होती. मी तो कागद खणात ठेवला.

सर तीन वर्षांनी गेले. आज मी त्यांच्याच खुर्चीत बसतो. झोक्यावर माझे अकरा निबंध आहेत, आणि या विषयातला देशातला जाणकार म्हणून माझं नाव घेतात. एवढं सगळं झाल्यावर माणसाने स्वतःहून तोंड उघडणं अवघड असतं. हे सरांना आधीच माहीत होतं, मला उशिरा कळलं.

गेल्या आठवड्यात माझी विद्यार्थिनी ऋजुता प्रवासाचा अर्ज घेऊन आली. उपग्रहाचे आकडे आणि वेळण्याचे आकडे एकवीस सालापासून पावसाळ्यात पुन्हा जुळेनासे झाले आहेत आणि ती गप्प बसणारी मुलगी नाही. तिला वेळण्याला जाऊन बादली पाहायची होती. अर्जात तिने डिसेंबर लिहिला होता. रस्ते चांगले, हवा चांगली, समुद्र शांत. डिसेंबरात लवू कुबलांचा मुलगा तिला धक्क्यावर नेईल, तिच्यासमोर समुद्रात बादली सोडेल आणि तिचं समाधान होईल.

मी फोन करून पाळी कुणाची आहे ते आधीच विचारून घेतलं होतं. मग पेन घेतलं, डिसेंबर खोडला आणि जुलै लिहिला.

"भर पावसात, सर?" ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "आणि सकाळी साडेआठच्या आत पोहोच."